पटत नाही

शर्टाचं वरचं बटण काही केल्या लागेना, म्हणून तिनं नवऱ्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली.

"जरा वर बघा."

ते छताकडे बघू लागले. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली होती, नजर मात्र शाबूत होती. वरचा पंखा कुरकुरत होता.

"बेअरिंग... गेलंय," ते म्हणाले. हल्ली शब्द असे ओले होऊन, एकेक सुटून यायचे. उभी हयात त्यांनी घरोघरी वायरिंग करण्यात घालवली होती. या शुश्रूषा केंद्रातही सगळे त्यांना वायरमनच म्हणायचे.

"असू दे गेलं तर. तुम्ही हलू नका."

"लग्नाला पण... एवढा तयार... नव्हतो."

"तेव्हा बटणं लावायला तुमची आई होती."

वायरमन तोंडाच्या एका बाजूनं हसले. तिलाही हसू आलं, आणि लगेच कसंतरीच वाटलं. दारात मुलगा गाडीची किल्ली चाळवत उभा होता.

"आई, आवरलं का? वकीलबाई पोचल्यासुद्धा कोर्टात."

दोघांचा घटस्फोट होता आज.

कल्पना वकीलबाईंची. केंद्रात ठेवायचं तर दर महिन्याला चांगला घसघशीत आकडा भरावा लागे, आणि घरी ठेवायचं तर त्यांना उचलणार कोण? तिच्या मनगटांत आता भरलेली बादली उचलण्याचंही बळ उरलं नव्हतं. गाठीला होतं ते केव्हाच संपलं. मग मुलानं स्वतःच्या पगारातून भरायला सुरुवात केली. सून तोंडानं काही बोलत नसे, पण तिनं मुलीचा पोहण्याचा क्लास बंद केला. सरकारी मदत मिळत होती, पण नवराबायकोच्या नावावर काहीच उरलं नसेल तर. या दोघांच्या नावावर घर होतं. आधी घर विका, ते पैसे संपवा, मग अर्ज करा, असं सरकारी कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं.

"आणि मी कुठं राहू?" तिनं त्याला विचारलं होतं. तो बिचारा कागद नीट करत बसला.

वकीलबाईंनी वाट काढली. कागदावर वेगळं व्हायचं, वाटणीत घर तिच्याकडे द्यायचं. वायरमन मोकळे झाले की त्यांचा खर्च सरकारच्या माथी. नवऱ्याला विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. "करून... टाक," म्हणाले होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाईंनी तिला पुन्हा पढवलं.

"आजी, घराचा विषय काढायचा नाही. मदतीचा तर नाहीच नाही. नुसतं म्हणायचं, आमचं पटत नाही. पुढचं मी बघते."

"पटत नाही," तिनं घोकलं.

"साहेबांना संशय आला तर अर्ज फेटाळतील. परत करता येत नाही मग. तेव्हा जपून."

खोली लहानशी होती. न्यायाधीशांना सर्दी झाली होती आणि ते सारखे रुमालात नाक शिंकरत होते. मुलानं चाकांची खुर्ची तिच्यापासून चार हात लांब लावली, वकीलबाईंनी सांगितलं होतं तशी. न्यायाधीशांनी कागद चाळले, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"काय तक्रार आहे, आजी?"

"आमचं पटत नाही."

"हं. सध्या या वयातल्या बऱ्याच जणांचं पटेनासं झालंय. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं." त्यांनी कागद बाजूला ठेवले. "यांना भेटायला जाता का?"

"जाते."

"कधी?"

"रोज."

"रोज जाता. आणि पटत नाही."

वकीलबाई उठायला लागल्या तशी न्यायाधीशांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. "मी त्यांना विचारतोय. आजी, नक्की काय झालं ते सांगा. नसेल सांगण्यासारखं काही, तर माझा आणि तुमचा वेळ वाया घालवू नका."

तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मुलगा तिच्याकडे टक लावून बघत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. दारू म्हणावं तर त्यांनी कधी शिवली नव्हती. मारहाण म्हणावं तर जीभ झडली असती. तिनं तोंड उघडलं ते खोटं सांगण्यासाठीच.

"आमच्या घराचा स्लॅब टाकायचा होता, त्या दिवशी," ती म्हणाली.

वकीलबाईंचं पेन थांबलं.

"सकाळी वाण्याच्या दुकानात फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता तेव्हा. माझी आई अत्यवस्थ होती. लगेच निघ, असा निरोप होता माझ्यासाठी. तो ह्यांनी घेतला. मी मागच्या बाजूला विटांच्या चुलीवर मजुरांचा स्वयंपाक करत होते. ह्यांनी मला सांगितलंच नाही."

"का?"

"स्लॅब मधेच थांबवता येत नाही साहेब. एकदा माल कालवायला घेतला की पुरा करायलाच लागतो. मी गेले असते तर एवढ्या माणसांच्या जेवणाचं कुणी बघायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. शेजारणीला सांगावं तसं ती सांगत होती. "दिवसभर मी ह्यांच्यासमोर वावरत होते. दोनदा पाणी नेऊन दिलं. चहात साखर कमी आहे म्हणाले. रात्री सगळे गेल्यावर सांगितलं, आत्ताच निरोप आलाय म्हणून. मी पोचले तोवर आईला नेलं होतं."

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला.

"मग तुम्हाला कसं कळलं हे?"

"वाण्याच्या बायकोकडून. ती समाचाराला आली होती. म्हणाली, सकाळीच निरोप मिळाला ते बरं झालं, भेट तरी झाली असेल."

"तुम्ही यांना जाब नाही विचारलात?"

"विचारणार होते. पण प्लास्टर व्हायचं होतं. मग हा झाला." तिनं मुलाकडे बोट केलं, त्याच्याकडे न बघता. "मग ह्यांची कामं वाढली. मग राहूनच गेलं. त्या घरात पहिल्यांदा झोपलो, त्या रात्री मी नुसती वर बघत होते, स्लॅबकडे. अजून बघते. ह्यांना वाटायचं, मला झोपेचा त्रास आहे."

न्यायाधीशांनी चाकांच्या खुर्चीकडे तोंड वळवलं.

"आजोबा, तुम्हाला काही म्हणायचंय?"

वायरमनना शब्द जुळवायला वेळ लागला.

"खरं... आहे." त्यांनी श्वास घेतला. "तिला माहीत होतं... हे मला... माहीत नव्हतं."

बोलता बोलता ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. तिचा हात रुमालासाठी पर्सकडे गेला आणि निम्म्यातच थांबला. न्यायाधीश बघत होते, वकीलबाईही बघत होत्या. लाळ हनुवटीवरून शर्टावर उतरली. कुणीच ती पुसली नाही.

अर्ज मंजूर झाला.

व्हरांड्यात वकीलबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, कमाल केलीत. मला तर क्षणभर खरंच वाटलं हो!"

मुलगा हसला नाही. खुर्चीच्या मुठी धरून तो तसाच उभा होता.

"आई, ते आजीचं..."

"गाडी आण," ती म्हणाली.

केंद्रात पोचल्यावर मुलानं आणि तिथल्या परिचारिकेनं वायरमनना उचलून पलंगावर निजवलं. तिनं त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, उशी नीट केली, पांघरूण पायांवर ओढलं. हात सगळं नेहमीसारखं करत होते. नजर तिनं उचलली नाही.

"मी खाली गाडीत थांबतो," मुलगा म्हणाला आणि गेला.

तीही निघाली. दारापर्यंत पोचली.

"आणखी?" मागून आवाज आला.

ती वळली. "काय?"

"आणखी... आहे का? माझ्याबद्दल." ते तिच्याकडेच बघत होते. डाव्या हातानं पांघरुणाची कड घट्ट धरली होती. "असेल तर... सांग."

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. जायचं असतं तर आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. तसा कागद होता पर्समध्ये.

मग तिनं दार लोटून घेतलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्या धड बाजूला येऊन बसली.

"आहे," ती म्हणाली.