इस्त्री पाठीवर कुठून फिरली?

लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर धाकट्या सुनेचा हात असा बसला होता, की अंगावर फोड दिसला तरी सोबतिणी हसून म्हणायच्या, "भाजलीस पुन्हा? तू?" तीही हो म्हणून मोकळी व्हायची.

तोंडातले फोड मात्र तिने सहा महिने लपवले. दातांच्या डॉक्टरने टूथपेस्ट बदलायला लावली, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या; गुण येईना. पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. 'भूक नाही' म्हणत ती गार दूध पिऊन उठायची.

"माझ्या हातच्या जेवणावर सुनेनं संप पुकारलाय," सासूबाई शेजारणीला ऐकवायच्या.

एका सकाळी कपडा पाठीला घट्ट चिकटला. नाइलाजाने तिने सासूबाईंना हाक मारली. त्यांनी कोमट पाण्याने तो इंच इंच सोडवला. खाली कातडी जागोजागी सोलली होती.

"हे काय गं?"

"भाजलंय, आई. कामावर."

"इस्त्री पाठीवर कुठून फिरली? मला दूधखुळी समजतेस?"

धाकटीचा बांध फुटला. रडत रडत तिने तोंड उघडून दाखवलं. एरवी ज्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे, त्या सासूबाईंनी वाकून आत पाहिलं. मग चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "चल."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने म्हणाल्या, "पेम्फिगस. दुर्मिळ आहे. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच कातडीवर उलटलीय."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"अगदी तसंच. पण हा रोग दुसऱ्याला लागत नाही."

"तेवढं कागदावर लिहून द्या."

फोड भाजल्याचे नाहीत असा संशय आल्यापासून लॉन्ड्रीत धाकटीचा पेला वेगळा ठेवला जात होता. सासूबाईंनी तो कागद तिथल्या टेबलावर आपटला. "वाचा. मोठ्यानं वाचा." शेजारच्या इस्त्रीवरच्या बाईने वाचला, आणि शेवटच्या ओळीला तिची मान खाली गेली.

उपचार सोपे नव्हते. गोळ्यांनी चेहरा सुजला, झोप उडाली. आरशापुढून धाकटी तोंड फिरवून जायची. चार महिन्यांनी नवे फोड यायचे थांबले. "आजार उलटू शकतो. औषध मनानं सोडायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

ती कामावर परतली, पण वाफेपासून दूर, कपडे घ्यायच्या खिडकीवर.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय त्रास झाला?"

"उभं राहून पाय दुखले," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "नुसते पाय दुखले, आई. बाकी काही नाही."