दोन नावांचा बेडूक

"आलीस? मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने येतेय ही!" म्हातारी मार्तिना दारातूनच म्हणाली. हातातली पिशवी मात्र तिने लगेच काढून घेतली.

नीवेस ओशाळली. कोचाबांबा शहरातल्या एका संग्रहालयात बेडकांच्या जाती ठरवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. इथल्या ओढ्यातल्या खरखरीत पाठीच्या बेडकावर काम करताना अख्खा पावसाळा ती याच घरात राहिली होती. मार्तिनाने तिला पोटच्या पोरीसारखं खाऊ घातलं होतं. हा बेडूक जगात फक्त याच दरीत आहे, असं तेव्हा सगळे मानत. तेवढ्यावरच ओढ्याकाठची दगडखाण अडली होती.

मग नीवेस डोंगरापलीकडे हिंडली, थेट अर्जेंटिनाच्या सीमेपर्यंत. सगळीकडे तोच बेडूक. तीच हाडं, तीच साद. दरीतल्या बेडकाची जात वेगळी नव्हतीच. तिने तसं छापलं. बेडकाचं वेगळं नाव गेलं आणि पाठोपाठ खाणीवरची बंदीही उठली.

"आमचा बेडूक खोटा निघाला म्हणे," ताट पुढे सरकवत मार्तिना म्हणाली.

"खोटा नाही, मावशी. पलीकडेही तोच आहे, एवढंच."

"अस्सं! माझी बहीण तिकडे ओरुरो शहरात आहे. मग मी मेले तरी चालेल, नाही का?"

"अगं, जेवू तरी दे तिला," तिचा नवरा सेवेरो कोपऱ्यातून म्हणाला. "खोटं थोडंच लिहिलंय तिने?"

"खरंच लिहिलंय. पण जरा थांबून लिहिलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

नीवेसने हातातला बटाटा ताटात परत ठेवला. तिचे साहेबही हेच म्हणाले होते. वर्षभर कळ काढ, दरी वाचवायची दुसरी काही सोय होऊ दे. पण तिची निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्या लेखावर तिचं एकटीचं नाव येणार होतं. 

खाली खाणीत सुरुंग उडाला. ताटल्या थरथरल्या. नवराबायकोने मानही वर केली नाही.

मार्तिनाने शालीच्या टोकातून पाणी गाळून पेला तिच्यापुढे धरला. "ओढ्याचंच आहे. हल्ली असंच येतं."

नीवेसने पेला दोन्ही हातांनी घेतला. दाताखाली कचकच आली. तळाच्या गाळासकट ती सगळं पाणी प्यायली.