उजेडाचे आठ तास

"दिवा रोज किती तास चालू असतो?" दुकानदाराने विचारलं.

खांबेट्यांनी काउंटरवरच्या बरणीकडे पाहिलं. बरणी लिंबाच्या लोणच्याची होती आणि आतलं माशांच्या टाकीतलं पाणी पालक उकडून उरलेल्या पाण्यासारखं हिरवंगार दिसत होतं. लंडनच्या पिनर भागातून बसने इथवर येताना ती त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून आणली होती.

"नेहमीसारखाच," ते म्हणाले. "आठ-नऊ तास."

चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात काढलेला माणूस. दिवसाला किती सिगारेटी, असं विचारलं की पेशंट कसे उत्तर देतात ते त्यांनी हजारदा ऐकलं होतं. तसंच उत्तर आपल्या तोंडून आलेलं ऐकून त्यांचे कान गरम झाले.

कीथ नावाचा हा दुकानदार साठीचा होता आणि त्याच्या स्वेटरवर मांजराचे केस होते. त्याने बरणी खिडकीकडे धरली, हलवली आणि खाली ठेवली. "नऊ तासांत हे असं होत नाही, सर," तो त्याच्या इंग्रजीत शांतपणे म्हणाला.

"चोवीस," खांबेटे म्हणाले.

"किती दिवस?"

"ऑक्टोबरपासून."

म्हणजे दोन महिने. कीथने 'का' म्हणून विचारलं नाही. या इंग्रज लोकांचा हा एक मोठा गुण, आणि खांबेट्यांना तो पस्तीस वर्षांत कधी नव्हे इतका त्या क्षणी आवडला. ते घाईघाईने म्हणाले, "मला तो मोठा दिवा द्या. तो, वर टांगलेला. झाडांसाठीचा." किंमत दीडशे पौंड होती. कार्ड त्यांनी आधीच खिशातून काढून ठेवलं होतं.

"तुमच्या टाकीवरची ट्यूब कधी बदलली होती?"

"बदलायची असते?"

कीथने दीडशे पौंडांच्या दिव्याकडे पाठच फिरवली. हा माणूस धंदा कसा करतो कोण जाणे. त्याने एक जुनी पावती उलटी केली आणि तिच्यावर लिहून दिलं. साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून डेलाइटची, म्हणजे दिवसासारख्या उजेडाची, नवी ट्यूब आणावी. टाकीच्या झाकणाची काच व्हिनेगरने घासावी. ट्यूबवरच्या टोपणाला आतून पांढरा रंग द्यावा. एक टायमर लावावा, आठ तासांचा, एक मिनिटही जास्त नाही.

"पण त्याआधी चार दिवस पूर्ण काळोख," तो म्हणाला. "टाकी चहूबाजूंनी झाका. एक किरण आत जाता कामा नये. मासे राहतील, झाडंही राहतील. हे हिरवं मरेल. जमेल ना?"

खांबेट्यांना हसू आलं. बाकी आयुष्यात फारसं काही जमलं नसेल, पण खोलीत एक किरण येऊ न देणं, याच कामावर त्यांनी पेन्शन मिळवली होती. ते डार्करूमचे माणूस. फिल्म धुवायची, टांगायची, उजेडापासून सांभाळायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि डार्करूम मोडली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, यांनी दारावरचा जाड काळा पडदा मागून घेतला. "अहो, हा काय पांघरायचा आहे का?" आशा तेव्हा हसून हसून बेजार झाली होती.

टाकी आशाची होती. दिवाणखान्यात खिडकीपासून लांब, भिंतीला लावलेली, तीन फुटी. वॉर्डातल्या ड्युटीवरून घरी आली की ही बाई आधी चहा टाकायची नाही, बाह्या वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची. तिला माशांचं कौतुक बेताचंच. तिचा सगळा जीव पाण्याखालच्या झाडांवर. त्यातही एका झाडावर, ज्याला ती 'माझी तांबडी' म्हणायची. दुकानातल्या चित्रात ते झाड कुंकवासारखं लाल होतं. यांच्या घरात मात्र सहा वर्षं चिखलाच्या रंगाचंच राहिलं.

"उजेड कमी पडतो हो तिला," आशा म्हणायची. "चांगला दिवा घेऊ या ना."

"बघू," खांबेटे म्हणायचे.

त्यात चिकटपणा होता असं नाही म्हणता येणार, दुष्टपणा तर नव्हताच. नुसता आळस. घरात बायको कायमची आहे, टाकी कायमची आहे, दिवा पुढच्या वर्षी घेता येईल, असा हिशेब कोणता नवरा करत नाही? ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी आशा जिन्यात बसली ती उठलीच नाही. पुढच्या वर्षीची गोष्ट तिथेच संपली.

त्या रात्री आशाच्या फोटोपाशी समई लावली होती. ग्लासगोहून तनया आली होती, लेक, तिथे हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर. बाकी चार माणसं कार्पेटवर पथाऱ्या पसरून झोपली होती. पहाटे खांबेटे खाली आले तर फोटोपुढे काहीच नव्हतं. समई स्वयंपाकघरात सापडली. साबणाने लख्ख धुऊन सिंकशेजारी पालथी घातलेली होती. तनयाचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? कार्पेट, पडदे, झोपलेली माणसं. डॉक्टर मुलीने जे करायला हवं ते तिने केलं. दिवा तेरा दिवस शांत होऊ द्यायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आईबापांचं.

खांबेट्यांनी समई पुसून कपाटात ठेवली. दिवाणखान्यात एकच उजेड उरला होता, टाकीचा. त्या गडबडीत तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी आशाचा फोटो उचलून टाकीशेजारी ठेवला. हाच दिवा, त्यांनी मनाशी ठरवलं. हा आता मालवायचा नाही.

मालवायचा कधी, हा घोळ पुढे झाला. इकडे दहनाची तारीखच नवव्या दिवसाची मिळाली. मग तेरा दिवस मोजायचे कुठून, गेल्या दिवसापासून की दहनापासून? इथल्या मराठी मंडळातले एक म्हणाले हे, दुसरे म्हणाले ते. खांबेट्यांनी दोन्ही तारखा जाऊ दिल्या. आणि दोन्ही तारखा गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता थांबायला कोणता दिवसच शिल्लक नाही. ज्या दिवशी बटण दाबीन त्या दिवशी ते मीच केलेलं असेल. असं करत डिसेंबर आला आणि टाकीतलं काहीच दिसेना.

रविवारी तनयाचा फोन आला. दर रविवारी साडेचारला यायचा.

"बाबा, फिश कसे आहेत?"

"दिसत नाहीत गं. पाणी हिरवं झालंय. लाइट चालू राहिला."

"किती दिवस?"

"झाले दोन महिने."

ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, टू मन्थ्स? लाइट बंद करायची विसरलात?"

खांबेट्यांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ते सांगायचं तर समईचं सांगायला हवं. आईचा दिवा आपल्या हाताने गेला, हे ओझं या पोरीने जन्मभर का वाहायचं?

"हो," ते म्हणाले. "विसरलो."

"गॅस बंद करता ना? फ्रंट डोअर? बाबा, मी तुमच्या जीपीशी बोलते. अँड प्लीज, तुम्ही इथे या. मी तुमचा खोली रेडी ठेवलीये. टँक एखाद्या स्कूलला देऊन टाकू. ओके?"

"बघू," खांबेटे म्हणाले. फोन ठेवल्यावर तो शब्द त्यांना जिभेवर कडू लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम काढलं. आधी आतल्या खोलीतला टेबललॅम्प आणून फोटोपाशी लावला, खंड पडायला नको म्हणून. मगच टाकीचा प्लग काढला. झाकणाची काच बाहेर घेऊन खिडकीसमोर धरली आणि ते बघतच राहिले. पलीकडचं झाडसुद्धा धड दिसत नव्हतं. केटलमध्ये बसतो तसला पांढरा थर काचेवर सहा वर्षं बसत आला होता. टोपण आतून काळं होतं, जेवढा उजेड वर जाई तेवढा गिळून टाकणारं. ट्यूब दोन्ही टोकांना करपलेली.

आयुष्यभर उजेडाचा धंदा केलेला माणूस मी, आणि हे मला कधी वाकून बघावंसं वाटलं नाही!

चार पौंडांची ट्यूब, बाटलीभर व्हिनेगर आणि शेडमध्ये पडलेला, दारं रंगवून उरलेला पांढरा रंग. दीडशे पौंडांची गोष्टच नव्हती. आशाने मागितलेला निम्माअधिक उजेड घरातच होता, फक्त अडकलेला. एका रविवारी दोन तास दिले असते तर काम झालं असतं. खांबेटे सिंकपाशी काच घासत होते आणि रडत होते, आणि व्हिनेगर डोळ्यांत गेला असं म्हणायलाही घरात कुणी नव्हतं.

रंग वाळला. आता चार दिवसांचा काळोख. त्यांनी माळ्यावरून तो काळा पडदा काढला, टाकीला दोनदा गुंडाळला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या. बोटाने चाचपून फट शोधली, एक सापडली, तीही बुजवली. डार्करूममध्ये करायचे अगदी तसं. उरला टेबललॅम्प. तो चालू ठेवायला खरं म्हणजे हरकत नव्हती, पडद्यातून एक किरण आत जाणार नव्हता. पण मग तोही कधी बंद झाला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

'विझव' म्हणू नये, असं आशा म्हणायची. ते फोटोसमोर उभे राहिले. दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर आधीच अंधारून आलं होतं.

"आशा," ते म्हणाले, "आता शांत करतो हं."

आणि त्यांनी बटण दाबलं.

चार दिवसांनी पडदा काढला तेव्हा पाणी निवळलं होतं. मासे अकरा होते, सगळे जिवंत. झाडांची पानं गळून पडली होती. तांबडीचा नुसता खुंट उरला होता, बोटभर. खांबेट्यांनी नवी ट्यूब लावली, टायमर फिरवला. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी पाचला बंद. मग रोज नऊ वाजता खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचं आणि खुंटाकडे बघायचं, हा त्यांचा नेम झाला.

नाताळात तनयाला ड्युटी लागली, येता आलं नाही. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, खांबेट्यांना बोलावून आजची तारीख, पंतप्रधानांचं नाव, शंभरातून सात वजा करत जा, असलं सगळं विचारलं. त्यांनी निमूटपणे सगळी उत्तरं दिली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहात. मग दिवा कसा विसरलात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा खांबेटे नुसते हसले.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन आला. इकडचं तिकडचं बरंच बोलून झाल्यावर तनयाने विषय काढला.

"बाबा, मी पेंटरला विचारलंय. तुमची खोलीला कोणता कलर पाहिजे? मार्चमध्ये याल ना?"

'बघू' ओठांवर आला होता. खांबेट्यांनी तो गिळला.

"नाही गं, तनू. मार्चमध्ये आठ दिवस येईन, तुझ्या हातचं काहीतरी खाईन. पण राहायला नाही. मी इथेच बरा आहे."

"पण एकटा—"

"हो, एकटा. ते आहेच." ते थांबले. "तुझ्या आईच्या तांबडीला पान आलंय."

"कोण तांबडी?"

"झाड गं, टाकीतलं. दोन पानं आलीयेत. लाल आहेत. आईने चित्रात दाखवला होता ना, तसला लाल."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात भिंतीपाशी टायमर खट्कन वाजला आणि टाकी अंधारली. बाहेर उजेड नव्हताच. सगळी खोलीच दिसेनाशी झाली.

"बाबा, कसला आवाज?"

"लाइट गेला. पाच वाजले."

"अंधारात बसू नका हं. दुसरा लाइट लावा. लावला?"

"लावला," खांबेटे म्हणाले.

फोन ठेवून ते हात गुडघ्यांवर घेऊन बसून राहिले. डोळ्यांना वेळ द्यावा लागतो, घाई करून चालत नाही, हे डार्करूममध्ये नव्या पोरांना त्यांनी कितीदा शिकवलं होतं. हळूहळू आधी टोपणाची पांढरी कड दिसली, मग फोटोची चौकट. मग पाण्यात दोन पानं, काळी. अंधारात लाल रंग दिसत नाही. खांबेटे तिकडे बघत बसले.