कडेचा माणूस

मास्तरांचा एक नियम होता. ग्रुप फोटोत ज्याचा भरवसा नाही, त्याला कडेला उभं करायचं. नुकताच भांडणातून परत आलेला मेहुणा, उसने नेऊन तोंड न दाखवणारा चुलतभाऊ, कुणालाच मनापासून न आवडलेला जावई, सगळे कडेला. वर त्याच्यात आणि शेजारच्यात वीतभर जागा सोडायची. उद्या बिनसलंच, तर पट्टी लावून पातं फिरवायचं, की माणूस गेला आणि फोटो वाचला. "फोटो काढणारे गल्लोगल्ली आहेत, माणसं उभी करणारा मी एकटा," असं ते म्हणायचे आणि अंगावर मूठभर मांस चढवून घ्यायचे.

मास्तर गेल्यावर स्टुडिओ त्यांच्या मुलीकडे आला. लोकांनी तिचं नाव विचारायची तसदी घेतली नाही. मास्तरांची मुलगी, म्हणून मास्तरीण. लग्नाचे फोटो, पासपोर्टचे फोटो, बारशातली रडकी पोरं, फोटोत तरी गोरं करा म्हणणाऱ्या बाया, सगळं तिने निभावून नेलं. कडेचा नियम तेवढा तिच्या घशाखाली उतरला नाही. त्याला कारण होतं, आणि ते तिच्या धाकट्या भावाच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं.

भावाचं लग्न ठरलं त्याच सुमारास मास्तरीण नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. लग्नात अप्पांनी, म्हणजे मास्तरांनीच, कॅमेरा स्टँडवर लावून सगळ्यांना उभं केलं आणि लेकीला आईशेजारी कडेला ठेवलं. तिला वाटलं, आईच्या शेजारी म्हणजे मानाची जागा. मधली वीतभर जागा मात्र बोचली, म्हणून तिने हात लांब करून आईच्या खांद्यावर ठेवला. फोटो फ्रेम होऊन आला तेव्हा तो आईच्या खांद्यापाशी संपत होता. खांद्यावर चार बोटं राहिली होती. बाकीची मास्तरीण अप्पांच्या पात्याखाली गेली होती.

"आई, हे काय?"

"अगं, फ्रेम लहान होती," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. अप्पांनी फ्रेम भिंतीवर टांगली.

आता दोघंही नाहीत. फोटो आहे. भावाकडे जेवायला गेली की मास्तरीण त्या भिंतीकडे पाठ करून बसते आणि मनातल्या मनात आईबापाला दोन शिव्या हासडते. गेलेल्यांना शिव्या देऊ नयेत हे तिलाही कळतं. पण जिवंत होते तेव्हा तिची छाती झाली नाही, त्याला ती तरी काय करणार?

तर अशा या मास्तरणीकडे एक दिवस चेअरमन आले. लग्नाच्या हॉलचे चेअरमन. हॉलमधलं निम्म्याहून अधिक काम त्यांच्या शब्दावर मास्तरणीला मिळायचं, आणि ही गोष्ट ते तिला विसरू देत नसत. या खेपेला लग्न त्यांच्याच पुतणीचं होतं. चहा संपवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मुलीची आई येणार आहे," ते आवाज उतरवून म्हणाले. "आमची वहिनी. नाही म्हणता येईना, पोरगी हट्टाला पेटलीय. तिला कडेला घे. मास्तर असते तर मला सांगावंही लागलं नसतं."

वहिनीचा गुन्हा सगळ्यांना पाठ होता. चेअरमनच्या भावाने भर पाहुण्यांत बायकोवर हात उगारला आणि तिने तो वरच्या वर धरला. मारलं नाही, ओरडली नाही, नुसता धरून ठेवला, त्याची चुळबुळ थांबेपर्यंत. त्याच संध्याकाळी तिला घराबाहेर काढलं आणि मुलगी ठेवून घेतली. पुढे तो भाऊ वारला, पण त्याचा राग चेअरमननी वारसाहक्काने सांभाळला. वहिनी एका खोलीत भाड्याने राहून शाळांचे गणवेश शिवत होती.

"बघते," मास्तरीण म्हणाली. चेअरमननी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. खरं सांगायचं तर मास्तरणीनेही तेव्हा तोच घेतला होता. हॉलशी वाकडं घेऊन खायचं काय?

लग्नाच्या दिवशी ग्रुप फोटोसाठी सगळे जमले. चेअरमन मधली खुर्ची अडवून बसले. मुलीची आई शेवटी आली. अंगावर स्वतः शिवलेला साधा, नेटका पोशाख. कुणी काही सांगायच्या आत ती आपणहून कडेला जाऊन उभी राहिली. आणि शेजारच्या बाईपासून आपणहून वीतभर लांब सरकली.

मास्तरणीचं डोकं फिरलं ते तिथे. कुणी उभं केलं असतं तर तिने कदाचित मूग गिळले असते. पण ही बाई स्वतःला कापायला सोपं जावं म्हणून जागा सोडत होती!

लग्नात कुणी कुणाचं ऐकत नाही, पण फोटोवाल्याचं सगळे ऐकतात. हनुवटी खाली म्हटलं की खाली, पोट आत म्हटलं की आत. मास्तरीण कॅमेऱ्यामागून बाहेर आली.

"काका, तुम्ही पडलात उंच. मागची माणसं पार झाकली गेलीत. जरा कडेला येता?"

उंच म्हटल्यावर चेअरमन खूश. ऐटीत उठले आणि कडेला जाऊन उभे राहिले.

"थोडे आणखी सरका. हं, बास. आणि ताई, तुम्ही इकडे. या खुर्चीत."

"मी? अहो नको, मी इथेच बरी आहे."

"तिथे उजेड नाही," मास्तरणीने ठोकून दिलं. त्या हॉलमध्ये उजेडाला तोटा नव्हता. तिने सरळ ताईंचा दंड धरला आणि त्यांना मधोमध बसवलं. कुजबुज सुरू झाली. चेअरमनच्या तोंडचा रंग उडाला, पण चारचौघांत बोलतात काय! नवरीने मागून वाकून आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. नवऱ्यामुलाने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. शेजारच्या खुर्चीतल्या विहीणबाईंना कुणी काही सांगितलं नसावं, किंवा सांगितलेलं त्यांनी मनावर घेतलं नसावं. त्यांनी ताईंचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"कुणी हलू नका," मास्तरीण म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात चेअरमन स्टुडिओत हजर. येताना मास्तरणीच्या भावाला धरून आणलं होतं. घरचा माणूस सांगेल तर बाई वळणावर येईल, असा हिशेब.

"कॉम्प्युटरवर पुसून टाक तिला," चेअरमन म्हणाले. "आजकाल पातंसुद्धा लागत नाही."

मास्तरणीने फोटो पडद्यावर उघडला. "पुसते की. पण नवरीचे हात कुठे ठेवू? भुताच्या गळ्यात पडल्यासारखी दिसेल."

"ते तू बघ. तुझा धंदा आहे."

"माझा धंदा म्हणता, तर ऐका. एक माणूस अगदी सोयीचा आहे. कडेला आहे, बाजूला वीतभर जागाही आहे. आमच्या मास्तरांचा नियमच होता. कापू?"

चेअरमन पडद्यावर वाकले. कडेला पोट आत ओढून ते स्वतःच उभे होते. भावाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

"हॉलच्या पायरीवर पाय ठेवू देणार नाही तुला!" चेअरमन कडाडले.

"ताई, कशाला हा हट्ट?" भावाने समजूत घातली. "एवढं काम हातचं जाईल. एक बाई फोटोत नसली तर असं काय बिघडतं?"

मास्तरीण त्याच्याकडे वळली. आवाज चढला नाही तिचा.

"तुझ्या लग्नाच्या फोटोत आईच्या खांद्यावर बोटं कुणाची आहेत रे?"

"कसली बोटं?"

"बघ! रोज त्या फोटोखाली बसून चहा पितोस. जा, घरी जाऊन नीट बघ. मग सांग मला काय बिघडतं ते. इतकी वर्षं मी तुझ्याकडे जेवतेय आणि प्रत्येक घासाला मला लागतंय ते. फ्रेम लहान होती म्हणे!"



"मला तुमच्या घरच्या भानगडी नकोत," चेअरमन म्हणाले. "फोटो देणार की नाही?"

"देणार. सगळ्यांसकट. तुम्हाला नको असेल तर नका घेऊ, मुलीला तिची प्रत पोचली."

चेअरमन पाय आपटत गेले आणि बोलल्यासारखे वागले. हॉलची ठरलेली कामं एकेक करून फिरली. मास्तरीण घाबरली नाही असं नाही. पण तिने नवरीला फोन करून विचारलं, "तुझा फोटो दुकानाच्या काचेत लावू का?" पलीकडून आवाज आला, "लावा! आणि सगळ्यात मोठा लावा!" मग तिने चेअरमनच्या नाकावर टिच्चून तो दाराएवढा करून काचेत लावला. हॉलकडे जाणारा रस्ता नेमका त्या काचेसमोरून जात होता.

काही दिवसांनी भाऊ आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्र सोडलं.

"याची निगेटिव्ह असेल?" त्याने विचारलं.

"अप्पा माणसं टाकायचे, निगेटिव्ह नाही टाकायचे."

त्याने मान खाली घातली. "मग पूर्ण काढून दे. फ्रेम मोठी लागेल."

मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, वाहू दिलं. टेप घेऊन ती फ्रेमच्या पट्ट्या मोजायला लागली.

"लागेलच," ती म्हणाली. "आणि भिंतीवर खिळा तू ठोकायचास. मी समोर बसून बघणार आहे."