मुद्दामची चौकट

चेहऱ्याजवळ अचानक हात आला की माणसाच्या पापण्या मिटतात. मिटायच्या की नाही, हे तो ठरवत नाही. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ते आपोआप होतं. मी बास्केटबॉल सामन्याची फीत एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहत होते. रिबाउंड, म्हणजे रिंगवर आपटून परत आलेला चेंडू, धरून खांब उभा आहे; उंचीमुळे या खेळाडूला सगळे खांबच म्हणतात. डावीकडून समोरच्या संघात गार्डच्या जागी खेळणाऱ्या पोराचा हात चेंडूकडे येतो आहे, खांबाच्या गालापासून जेमतेम वीतभर अंतरावर. पापण्या उघड्याच. पुढच्या अकरा फ्रेममध्ये खांब डावीकडे वळतो आणि त्याचं कोपर गार्डच्या कानामागे बसतं.

मी शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकले; लीगच्या शिस्त विभागात फिती तपासणं हे माझं काम. कोणी कोणाला मारलं, ढकललं, पंचावर धावून गेलं, की फीत माझ्या टेबलावर येते. माझ्या अहवालात तीन चौकटी असतात: मुद्दाम, बेपर्वाईने, अनवधानाने. एकीवर खूण करायची आणि खाली सही. शिक्षा समिती ठरवते, पण माझ्या खुणेबाहेर ती सहसा जात नाही. ही फीत येऊन नऊ दिवस झाले होते आणि तिन्ही चौकटी कोऱ्या होत्या.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त पंच बसतात. त्यांना सगळे शिट्टीकाका म्हणतात. रोज सकाळी ते माझ्या फाइलकडे बघत आणि विचारत, "मॅडम, उबवताय का? पिल्लं कधी निघणार?" त्यांच्या मते प्रकरण सरळ होतं. खांबाचा हा दुसरा गुन्हा. माणूस साडेसहा फुटी, तापट म्हणून प्रसिद्ध; 'मुद्दाम'वर खूण करा, दहा सामन्यांची बंदी लागेल, आणि जेवायला चला.

पहिल्या गुन्ह्याची फीतही मीच तपासली होती, गेल्या मोसमात. तेव्हा एकाचं नाक मोडलं होतं. त्या फितीचा आवाज मी तीन वेळा ऐकला, कारण कॅप्टन दर मिनिटाला खांबाला ओरडून सांगत होता, "डावीकडे एक, डावीकडे एक." दुसऱ्या कोणाला तो असं काही सांगत नव्हता. मी खांबाला खोलीत बोलावलं, समोर बसवलं आणि बोलता बोलता त्याच्या डाव्या कानाजवळून पेन्सिल पुढे आणत गेले. ती नाकासमोर येईपर्यंत त्याला कळलं नाही.

त्याने पेन्सिल माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. मग हळूहळू सगळं सांगितलं. डाव्या डोळ्याचा पडदा दोन वर्षांपूर्वी फाटला, उपचाराला उशीर झाला. मोसमाच्या तपासणीत अक्षरांचा तक्ता तो पाठ म्हणून दाखवतो. लीगच्या नियमात दोन्ही डोळ्यांची अट आहे. कॅप्टन सोडला तर कोणाला, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही. चौदाव्या वर्षापासून तो हे एकच काम करत आला होता, दुसरं काही त्याला येत नव्हतं. जाताना दारात वाकून उभा राहिला, कारण आमचं दार त्याला ठेंगणं पडतं, आणि म्हणाला की करार संपला की मी आपणहून सोडतो, ताई, तेवढं होऊ द्या.

मी 'बेपर्वाईने'वर खूण केली. दोन सामने. स्वतःला समजावलं की न दिसता खेळणं ही बेपर्वाईच आहे, म्हणजे मी खोटं लिहिलेलं नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाला असली समजूत फार सफाईने घालता येते.

आता गार्ड इस्पितळात होता. चोवीस वर्षांचा. भिंत धरल्याशिवाय उभा राहू शकत नव्हता. आतल्या कानाला मार बसला आहे, तोल किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद मी इतक्या वेळा वाचला होता की घडीवर फाटला.

सुनावणीच्या दिवशी खांब बाहेरच्या बाकावर बसला होता, गुडघे छातीशी आल्यासारखे. मी शेजारी, त्याच्या उजव्या बाजूला बसले. 'मुद्दाम' सोडून दुसरी खूण आली तर वैद्यकीय तपासणी लागेल, हे वकिलाने समजावलं आहे, असं तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मुद्दाम लिहा."

"तू मुद्दाम मारलं नाहीस."

"दहा सामने बसेन. लोक गुंड म्हणतील, म्हणू देत. गुंडाला परत घेतात. आंधळ्याला कोण घेतो?"

"आणि परत आल्यावर पुढचा कोण?"

त्याने आपले मोठे पंजे उलटेसुलटे करून पाहिले.  हा प्रश्न गेल्या मोसमातच माझ्यासमोर होता आणि मी तो कपाटात ठेवला होता.

आत गेलो. लांब टेबलामागे समितीच्या अध्यक्ष, एका बाजूला क्लबचे वकील, दुसऱ्या बाजूला गार्डचा मोठा भाऊ. वकिलांनी आधीच कळवलं होतं की 'मुद्दाम' आलं तरी क्लब अपील करणार नाही. लीगलाही तेच हवं होतं. कडक शिक्षा दिली की वर्तमानपत्रं गप्प बसतात. सगळ्यांची सोय त्या एका चौकटीत होती.

अध्यक्षांनी भावाला बोलायला सांगितलं. त्याने काही लिहून आणलं होतं, पण कागद उघडलाच नाही. धाकटा रात्रभर पलंगाची कड धरून असतो, खोली फिरते म्हणतो, एवढं त्याने सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "मला फक्त इतकं सांगा, त्याने जाणूनबुजून मारलं का? तसं असेल तर निदान राग कोणावर धरायचा ते कळेल."

खांब खाली मान घालून बसला होता. पहिल्यांदाच मला वाटलं की तो प्रार्थना करतो आहे, आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

अध्यक्षांनी अहवाल उचलला, कोऱ्या चौकटी पाहिल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नऊ दिवस पुरेसे होते, असं त्या शांतपणे म्हणाल्या. आत्ता, इथेच तोंडी सांगा, नोंद करून घेऊ.

मी उभी राहिले. 

"यातली एकही चौकट लागू नाही. खेळाडूला डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. हे मला गेल्या मोसमापासून माहीत आहे आणि मी लपवलं. त्याची नोंदणी कायमची रद्द करा," मी म्हणाले, "आणि चौकशी माझ्यावर लावा."