वाईट उंटाची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भंगाराच्या गोदामात एका मोडक्या पंख्याखाली पडून आहे. एके काळी मात्र मी बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांची परीक्षा घेण्याच्या कामी येत असे.

माझे मालक बुद्धिबळ शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या मुलीनेच सुटे भाग जोडून मला घडवलं. ती प्रोग्रॅम लिहिणार आणि मास्तर त्यांना कोडी घालणार, असं ठरलं होतं.

मास्तरांचा जीव उंटावर. ज्या उंटाची वाट त्याच्याच प्याद्यांनी अडवली तो वाईट, ज्याची वाट मोकळी तो चांगला. पटावर थोडीच मोहरी उरली की हा फरक जीवघेणा ठरतो. त्या काळच्या प्रोग्रॅमांना मात्र सगळे उंट सारखेच.

मास्तरांनी रचलेला एक डाव होता. प्यादी दोन्हीकडे सारखी. पांढऱ्याचा उंट चांगला, काळ्याचा वाईट. पांढरा जिंकतोच, असं ते छातीठोक सांगत. मुलीच्या पहिल्यावहिल्या प्रोग्रॅमने उत्तर दिलं, ‘बरोबरी’.

“आंधळा आहे हा,” मास्तर म्हणाले.

“बाबा, आत्ता कुठे सुरुवात केलीय.”

“सुरुवातच अशी, तर पुढे काय उजेड पडणार? हे तुझं काम नव्हे, बाळा.”

तिने आपला प्रोग्रॅम माझ्यातून काढून टाकला. पुढे दूरच्या शहरात नोकरी धरली, तीही वेगळ्याच कामाची. मग फोनवर तब्येतीची चौकशी तेवढी उरली.

मास्तर एकटेच नवे प्रोग्रॅम आणून त्यांना तोच डाव घालत. त्यातला जो तो बरोबरी म्हणे, आणि मास्तर त्याला नापास करत. येणारेजाणारे माझं कौतुक करायचे, “म्हातारा अजून ठणठणीत आहे की!” मीही फुगून जायचो.

शेवटी एक फारच तगडा प्रोग्रॅम आला. तोही म्हणाला, ‘बरोबरी’. मास्तर हसले आणि स्वतः पांढरी मोहरी घेऊन त्याच्याशी खेळायला बसले. सगळ्या वाटा धुंडाळल्या. तो वाईट उंट कोपऱ्यात नुसता मागेपुढे करत राहिला, पण पांढऱ्या राजाला आत शिरू देईना. दिवेलागण झाली तरी मास्तरांनी दिवा लावला नाही. त्यांनी मुलीला फोन लावला. कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज मोठा करून फोन माझ्यासमोरच ठेवला.

“तुझं बरोबर होतं गं.”

“कशाचं?”

“त्या उंटाचं. बरोबरीच आहे ती.”



“बाबा, माझ्या प्रोग्रॅमला वाईट उंट कळतच नव्हता. अंधारात मारलेला दगड लागला, इतकंच.”

“मग शिकवायचं होतंस त्याला.”

“शिकवणारच होते.”

मास्तरांनी उठून दिवा लावला. मग तिनेच विचारलं, “औषध घेतलंत का?”

“घेतलं.”

त्यानंतर मास्तरांनी माझ्यावर चादर टाकली आणि मला पुन्हा कधी सुरू केलं नाही. ते दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. घर रिकामं करायला मुलगी आली. तिने मला एकदा सुरू केलं, पडद्याकडे नुसतं पाहिलं आणि वायर काढली.

“चालतोय ना, ताई? मग देताय कशाला?” भंगारवाल्याने विचारलं. तिने मला उचलायला त्याला मदत केली.

मित्रांनो, मला घरी न्या, असं माझं मागणं नाही. एवढंच सांगतो, घरात कुणी अर्धवट काम दाखवायला आणलं, तर घटकाभर त्याच्याजवळ बसा. कुठे अडलंय, ते विचारा. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मास्तर हे शांतपणे विचारत. लेकीला विचारायचं तेवढं राहून गेलं.