नव्या दाराचा उंबरा

खुर्चीची पुढची दोन लहान चाकं खट्कन अडली आणि मरियाबाईंच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा उडून नगरपरिषदेच्या दालनात गडगडत गेला. गुंडा आत, बाई बाहेर.

"अगं बाई!" दाराशी झाडत असलेली राहीबाई ओरडली. "लागलं का सिस्टरबाई?"

"लागलं नाही. अडलं."

मरियाबाईंनी वाकून पाहिलं. उतार झकास झाला होता. खरबरीत सिमेंट, बाजूला लोखंडी कठडा, आणि चढ असा की सत्तरीच्या हातांनीही चाक ढकलत वर यावं. अन् त्याच्या माथ्यावर, खास त्यांच्यासाठी पाडलेल्या नव्या दारात, चार बोटं उंच काळ्या दगडाचा उंबरा! त्यावर ताजं हळदीकुंकू.

"कानिफ!"

कानिफनाथ गवंडी खाली थापी धूत होता. तो लगबगीनं वर आला.

"हे काय करून ठेवलंस?"

"उंबरा, सिस्टरबाई."

"ते मलाही दिसतंय. उतार कुणासाठी केलास?"

"तुमच्यासाठीच की!"

"मग उंबरा कुणासाठी?"

कानिफनाथनं डोकं खाजवलं. "दार म्हनलं की उंबरा आलाच ना. बिनउंबऱ्याचं दार म्या जन्मात केलं न्हाई, माझ्या बापानं केलं न्हाई. नकाशात नव्हता, पर म्हनलं, इंजिनेर पोरगं हाय, इसरलं आसंल."

मरियाबाईंना हसू फुटलं.

नर्स म्हणून सगळी नोकरी त्यांनी याच इमारतीतल्या दवाखान्यात केली. गोदावरीच्या पुराच्या धास्तीनं जोतं उंच धरलेलं, पायऱ्या ताठ. लसीची पेटी खांद्याला अडकवून त्या पायऱ्या त्या पळत चढत. अर्ध्या गावाला त्यांनी सुई टोचली होती. सुई दिसली की टेबलाखाली शिरणारा कानिफ त्यातलाच.

पुढं शुगरनं उजवा पाय नेला. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मात्र इथंच यायचं. गेल्या वर्षी चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. दोन्ही बाजूंना माणसांचे खांदे. खाली बाजारातली माणसं वाट सोडून उभी राहिली, एका म्हाताऱ्यानं तर डोक्यावरची टोपी काढली. आपण जिवंत आहोत हे सांगायला चौघांच्या खांद्यावरून जायचं! पुढच्या खेपेला जाईन तर माझ्या हातांनी, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

मग दर बाजाराच्या दिवशी त्या पायऱ्यांच्या तळाशी खुर्ची लावून विणत बसू लागल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "आत जायला थांबलेय." साहेब लोक ओशाळून बाजूनं जात. आधी फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकली हलल्या. मग अर्ज वर गेला, खाली आला, परत वर गेला. गावातल्या साऱ्या नव्या बाळांना पुरतील एवढी टोपडी विणून झाली, तेव्हा कुठं दाराशी खडी पडली. आणि आता हा उंबरा.

आतून निकिता, पेन्शनच्या टेबलावरची क्लार्क, लोकरीचा गुंडा घेऊन आली. "मावशी, मी बाहेरच सही घेते ना. नाहीतर मोबाईलवर चेहरा दाखवला तरी होतं आता."

"बाळ, मी चेहरा दाखवायला नाही आले. आत यायला आलेय."

"मग फोडतो," म्हणत कानिफनाथ छिन्नी आणायला वळला. तशी राहीबाईनं झाडू टाकला आणि ती उंबऱ्यावरच फतकल मारून बसली.

"हात तर लावून बघ! सकाळीच पूजा केलीय म्या. लक्षुमीचा उंबरा फोडतोस व्हय रे मुडद्या?"

"आन् लक्षुमीच्या उंबऱ्यावर बसत्यात व्हय गं?"

राहीबाई चटका बसल्यागत उठली. उंबऱ्याला हात लावून तिनं तो कपाळाला लावला, पण दारातून हलली नाही.

मरियाबाईंनी नुसती मान हलवली असती तर कानिफनं दगडाचे तुकडे केले असते. पण पाय कापला तेव्हा ताटाखाली झाकून भाकरी-कालवण आणणारी ही राही. तिच्या देवाला तुडवून आत जायचं?

"राही, उंबरा असतो कशाला गं?"

"कशाला म्हंजे? लक्षुमी आत यावी, आन् आलेली भाईर जाऊ ने म्हनून."

बोलता बोलता तिची नजर चाकांवर गेली. मग खुर्चीतल्या बाईंवर.

"आन् तुमी तर भाईरच ऱ्हायल्या," ती हळूच म्हणाली. मग एकदम कानिफनाथवर डाफरली, "बघत काय ऱ्हायलाय? फोडायचा न्हाई. आख्खा उपट, खड्डा घे, आन् फरशीच्या बरुबरीनं खाली बसव. उंबराबी ऱ्हाईल, आन् आडायचंबी न्हाई."

"आसा निजलेला उंबरा म्या जन्मात केला न्हाई."

"आता कर," मरियाबाई म्हणाल्या. "सुईच्या वेळीही नाहीच म्हणायचास. टोचून घेतलीस ना?"

सिमेंट वाळल्यावर त्या पुन्हा आल्या. बाजाराचाच दिवस होता. खाली माणसं गोळा झाली. कुणीतरी सवयीनं खुर्चीच्या मुठी धरायला पुढं झालं, तर कानिफनाथ खेकसला, "हात न्हाई लावायचा कुनी!" आणि त्यानं आपलेही हात पाठीमागं बांधले.

चाकं वर आली. काळा दगड फरशीत निवांत पडला होता. त्यावर पांढरीशुभ्र रांगोळी, मधोमध कुंकू.

मरियाबाई थबकल्या. "राही, रांगोळी मोडेल गं."

"मोडू द्या. लई उशीर केलाय तुमी."

त्यांनी चाकांना जोर दिला. उंबरा कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. खालून कुणीतरी कडकडीत शिट्टी मारली, आणि मग साऱ्या बाजारानं टाळ्या पिटल्या.

"नाव?" निकितानं हसू दाबत विचारलं.

"मरिया फिलिप साळवे. जिवंत आहे. स्वतः आलेय."

सही करून त्यांनी खुर्ची वळवली. दारापासून टेबलापर्यंत रांगोळीच्या दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, मधूनच कुंकवाची लाली. राहीबाई दालन पुसत पुसत त्या रेघांपाशी आली. थांबली. तिनं फडकं उचललं, बादली पलीकडं ठेवली, आणि पुढची फरशी पुसायला घेतली.